अँटेना शहाणी होते: दौंड ते खोडद

नगर जिल्ह्याच्या नकाशावरून शिवेच्या कडेने बोट फिरवले, तर बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासातली दोन महत्त्वाची ठिकाणे त्या बोटाला लागतात. दोन्ही जिल्ह्याच्या आत नाहीत, अगदी वेशीबाहेर आहेत. दक्षिणेला श्रीगोंदा तालुका संपतो आणि भीमेपलीकडे दौंड लागते. पश्चिमेला पारनेरची शीव ओलांडली की जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद. तिसरे ठिकाण लांब आहे, पण नगरमधूनच निघणाऱ्या रस्त्यावर: भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर आणि माळशेज घाट उतरून कल्याण. सरकारी कागदावर नगर आता अहिल्यानगर झाले आहे, तरी या रस्त्याला लोक अजून नगर–कल्याण रोडच म्हणतात.

दौंड, कल्याण आणि खोडद या तीन गावांना जोडणारी एक कल्पना आहे. आज आपल्या खिशातला मोबाइल ज्या ‘स्मार्ट अँटेना’च्या जोरावर चालतो, तिच्या मुळाशी हीच कल्पना आहे. अँटेनाला दिशा देण्यासाठी ती वळवावीच लागते असे नाही. अनेक साध्या अँटेना एका रांगेत मांडायच्या आणि प्रत्येकीपाशी लहर केव्हा पोहोचते याचा हिशेब ठेवायचा. हिशेब बदलला की दिशा बदलते. लोखंडाचे काम गणिताने करायचे. पण गणिताला हे काम पेलेपर्यंत पाऊण शतक गेले, आणि त्या पाऊण शतकातला बराच इतिहास आपल्या या पट्ट्यात घडला.

सुरुवात दौंडपासून करू. दौंड–मनमाड लोहमार्गामुळे नगरकरांना दौंड हे जंक्शन म्हणून ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेर ब्रिटिश साम्राज्याला लंडनहून आपल्या सगळ्या वसाहतींशी बिनतारी संपर्क हवा होता. तेव्हाचा रूढ मार्ग म्हणजे अतिलांब लहरी, प्रचंड वीज आणि अवाढव्य मनोरे. लहर चारी दिशांना उधळायची आणि तिचा इवलासा भाग इष्ट ठिकाणी पोहोचेल अशी आशा धरायची. मार्कोनीच्या कंपनीतला अभियंता चार्ल्स सॅम्युएल फ्रँकलिन याने वेगळी वाट धरली. आखूड लहरी वापरायच्या आणि सगळी शक्ती एकाच दिशेने लोटायची. उंच खांबांची एक रांग उभारायची, त्यांच्यामध्ये उभ्या तारांचा पडदा सोडायचा आणि मागे परावर्तक तारांचा दुसरा पडदा टांगायचा. प्रत्येक तारेला वीज एकाच क्षणी मिळाली पाहिजे म्हणून तिच्यापर्यंत जाणाऱ्या नळ्यांची लांबी अगदी सारखी ठेवायची. सगळ्या तारा एका तालात डोलू लागल्या की लहर पडद्याच्या समोर एकवटते आणि बाजूंना विझते. यालाच ‘बीम’ पद्धत म्हणत.

१९२४ साली ब्रिटिश सरकारने या पद्धतीसाठी मार्कोनी कंपनीशी करार केला. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेपाठोपाठ १९२७ साली भारताची सेवा सुरू झाली. संदेश पाठवण्याचे केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण करण्याचे केंद्र दौंडला. पलीकडे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रिम्सबी आणि स्केगनेस. दौंडच्या माळावरचा तारांचा पडदा वायव्येकडे, इंग्लंडकडे तोंड करून उभा होता. समुद्राखालून जाणाऱ्या तारायंत्राच्या केबलपेक्षा ही सेवा इतकी स्वस्त ठरली की केबल कंपन्यांचा धंदा कोसळू लागला. अखेर दोन्ही धंदे एकत्र करावे लागले. भारतात १९३२ साली इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी झाली, स्वातंत्र्यानंतर तिची ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस झाली, आणि पुढे १९८६ साली विदेश संचार निगम. याच ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसने १९७१ साली नारायणगावजवळ आर्वीला देशाच्या परदेशी दळणवळणासाठी विक्रम भू-केंद्र उभारले. दौंडहून आर्वीला, म्हणजे एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात, जगाशी बोलण्याचे ठाणे सरकले.

दौंडचा पडदा दिशा ओळखत होता, पण एकच दिशा. उद्या इंग्लंडऐवजी जपानकडे वळायचे म्हटले तर खांब उपटून नव्याने रोवावे लागले असते. दिशा लोखंडात आणि खांबांच्या पायात कायमची कोरलेली होती.

ही कोरलेली दिशा मोकळी करण्याची युक्ती तत्त्वतः जुनीच आहे. जर्मन शास्त्रज्ञ फेर्डिनांड ब्राऊन याने १९०५ च्या सुमारास तीन अँटेना वापरून आणि त्यांच्यातल्या लहरींची फेज मागेपुढे करून झोताची दिशा बदलून दाखवली होती. फेज म्हणजे काय हे समजून घ्यायला गणपतीची मिरवणूक डोळ्यांसमोर आणावी. ढोल पथक रस्त्यात लांब रांगेत उभे आहे आणि ऐकणारा रांगेच्या एका टोकाला, बऱ्याच अंतरावर. सगळ्यांनी एकदम टिपरू मारले, तर जवळच्या ढोलाचा आवाज त्याला आधी आणि दूरच्याचा नंतर ऐकू येईल आणि ठोका फाटेल. पण दूरच्यांनी जरासे आधी आणि जवळच्यांनी जरासे नंतर मारले, तर त्याच्या कानावर सगळे ठोके एकदम आदळतील. दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्याला मात्र गोंगाटच ऐकू येईल. वादक जागचे हललेले नाहीत. फक्त वेळ बदलली, आणि आवाजाचा रोख बदलला.

रेडिओ लहरींच्या बाबतीत ही ‘वेळ’ सेकंदाच्या अब्जाव्या भागात मोजावी लागते. इथेच सगळी मेहनत आहे.

आता कल्याण. १९५३ साली उत्तर प्रदेशातल्या ठाकूरद्वारा गावचा, चोवीस वर्षांचा गोविंद स्वरूप नावाचा तरुण सिडनीला रेडिओ खगोलशास्त्र शिकायला गेला. तिथे पॉट्स हिल येथे क्रिस्टियन्सेन यांनी सहा-सहा फुटी बत्तीस डिश रांगेत मांडून सूर्य पाहण्याची सोय केली होती. स्वरूप आणि त्यांचे सहकारी पार्थसारथी यांनी त्याच रांगेवर नव्या वारंवारितेने काम केले. ऑस्ट्रेलियन लोक जेव्हा ती रांग मोडीत काढायला निघाले, तेव्हा त्या डिश भारताला द्याव्यात अशी मागणी स्वरूप यांनी केली आणि ती मान्यही झाली. डिश दिल्लीला आल्या आणि कित्येक वर्षे वापराविना राहिल्या. स्वरूप दरम्यान अमेरिकेत स्टॅनफर्डला ब्रेसवेल यांच्याकडे गेले. तिथे १९६१ साली यांग यांच्याबरोबर त्यांनी एक पद्धत मांडली: रांगेतल्या प्रत्येक अँटेनापर्यंत संकेत पाठवायचा, तो परत येऊ द्यायचा आणि जाण्या-येण्यातला फेजचा फरक मोजून केबलमधली चूक काढून टाकायची. दूरदूर मांडलेल्या अँटेना एका तालात ठेवण्यासाठी ही पद्धत पुढे जगभर वापरात आली. माझ्या मते स्वरूप यांच्या नावावरच्या मोठमोठ्या दुर्बिणींइतकेच मोल या छोट्या कामाचे आहे. ताल मोजता येत नसेल, तर अँटेनांची रांग म्हणजे नुसती गर्दी.

१९६१ च्या सप्टेंबरात स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन या परदेशातल्या चार भारतीय शास्त्रज्ञांनी मायदेशी पत्रे पाठवली: आम्ही परत येऊन रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभा करायला तयार आहोत. पत्रे अनेक संस्थांना गेली, पण पुढच्या जानेवारीत तारेने ठाम होकार आला तो मुंबईहून, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून, होमी भाभांचा. १९६३ च्या एप्रिलमध्ये स्वरूप मुंबईत रुजू झाले. दिल्लीतल्या डिश मागवल्या गेल्या आणि कल्याणजवळ, शहराच्या गोंगाटापासून दूर, मांडल्या गेल्या. चोवीस डिश ६३० मीटर लांबीच्या पूर्व–पश्चिम रांगेत, आठ डिश २५६ मीटरच्या दक्षिणोत्तर रांगेत. वारंवारिता ६१० मेगाहर्ट्झ, म्हणजे लहर साधारण अर्ध्या मीटरची. एप्रिल १९६५ मध्ये ही रांग कामाला लागली आणि पुढची तीन-एक वर्षे तिने सूर्य न्याहाळला. विजय कपाही, एन. व्ही. जी. शर्मा, मोहन जोशी अशी त्या काळातली तरुण मंडळी इथेच शिकली: दमट हवेत केबल कशी फुगते, सांधा कसा सडतो, आणि बत्तीस तोंडांनी एकच वाक्य कसे बोलायचे. भारतातल्या अँटेना-रांगांच्या विद्येची पहिली शाळा कल्याणला भरली. तिथे आज काही स्मारक असायला हवे होते असे मला मनापासून वाटते.

त्याच गटाने पुढे उटीजवळ मुथोराई येथे ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण बांधली. १९७० साली ती पुरी झाली. डोंगराचा उतार तिथल्या अक्षांशाइतका, सुमारे अकरा अंशांचा, मुद्दाम शोधलेला होता, म्हणून ती पूर्व–पश्चिम यंत्राने फिरते. उत्तर–दक्षिण मात्र फिरतच नाही. त्या दिशेला तिच्या शेकडो द्विध्रुवांची, म्हणजे साध्या अँटेनांची, फेज बदलून नजर वळवली जाते. अर्धी दिशा लोखंडाने आणि अर्धी हिशेबाने. दौंडच्या पडद्यापासून हे अंतर केवढे मोठे होते हे सांगायला नको.

एक योगायोग इथे नोंदवला पाहिजे. १९६३ साली स्वरूप स्टॅनफर्ड सोडून मुंबईकडे निघाले आणि त्याच वर्षी पुण्याचा एक तरुण स्टॅनफर्डला प्राध्यापक म्हणून रुजू झाला. थॉमस कैलाथ. १९३५ साली पुण्यात जन्म, सेंट व्हिन्सेंट शाळा, १९५६ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी, मग एमआयटी. घर मल्याळी, पण वाढले ते पुण्यात. कैलाथ यांनी डिश बांधल्या नाहीत. त्यांनी रांगेतल्या अँटेनांकडून आलेल्या संकेतांच्या गोंधळातून हवे ते वेगळे काढण्याचे गणित घडवले. त्यांच्याकडे १९८० च्या दशकात भारतीय नौदलातले एक अधिकारी आले: आरोग्यस्वामी पॉलराज. पोलाचीचे, पण घडले ते आपल्याकडे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत कॅडेट म्हणून आणि मग लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात. नौदलासाठी त्यांनी कोचीच्या प्रयोगशाळेत ‘अप्सोह’ ही पाणबुडी शोधणारी सोनार यंत्रणा तयार करवून घेतली होती. समुद्रातला आवाज अनेक श्रवणयंत्रांनी ऐकायचा आणि तो कुठून येतो हे फेजवरून ताडायचे, म्हणजे पुन्हा तोच हिशेब, फक्त पाण्यात.

कैलाथ, पॉलराज आणि रिचर्ड रॉय यांनी मिळून ‘एस्प्रिट’ नावाची रीत मांडली. थोड्या अँटेना, थोडे गणित, आणि कोणता संकेत कोणत्या दिशेने येतोय याचा अचूक अंदाज. त्याआधी स्टॅनफर्डमध्येच बर्नार्ड विड्रो यांनी १९६७ साली दाखवून दिले होते की अँटेनांची रांग स्वतःहून शिकू शकते. हव्या संकेताकडे झोत नेते आणि उपद्रवी संकेताच्या दिशेला आपला कान बंद करते. अँटेनाला ‘स्मार्ट’ हे विशेषण लागते ते या शिकण्यामुळे. दौंडला दिशा खांबांत होती, उटीला ती माणसाने लावलेल्या फेजमध्ये आली, आणि इथे ती यंत्र स्वतः क्षणोक्षणी ठरवू लागले.

मोबाइलला हे का हवे होते? हवेत उपलब्ध असलेल्या लहरी मोजक्या आहेत आणि फोन अमर्याद. टॉवरने आपली शक्ती चहूकडे उधळली, तर एकाचा संवाद दुसऱ्यासाठी गोंगाट होतो. पण टॉवरला कळले की हा फोन त्या गल्लीत आहे आणि तो दुसरा या शेतात, तर तो दोघांकडे वेगवेगळे झोत सोडू शकतो, आणि त्याच लहरी दोघांना वापरता येतात. मार्टिन कूपर, म्हणजे १९७३ साली हातातल्या मोबाइलवरून पहिला कॉल लावणारे मोटोरोलाचे अभियंते, यांनी रिचर्ड रॉय यांच्यासह १९९२ साली ‘अॅरेकॉम’ ही कंपनी काढली ती नेमकी यासाठी. त्याच वर्षी, १९९२ च्या फेब्रुवारीत, पॉलराज आणि कैलाथ यांनी पेटंटचा अर्ज केला. तो मंजूर झाला १९९४ मध्ये. त्यातली कल्पना आज ‘मायमो’ म्हणून ओळखली जाते आणि ती तोवरच्या समजाला उलटी होती. भिंतीवरून, डोंगरावरून आपटून येणारे प्रतिध्वनी हे संदेशवहनाचे शत्रू मानले जात. पॉलराज म्हणाले, ते शत्रू नाहीत, त्या वेगळ्या वाटा आहेत. दोन्ही टोकांना अनेक अँटेना ठेवा, म्हणजे एकाच वारंवारितेवर, एकाच वेळी, निरनिराळ्या वाटांनी निरनिराळी माहिती जाईल. तज्ज्ञांचा विश्वास बसायला बरीच वर्षे लागली. आज वायफाय, फोर-जी आणि फाइव्ह-जी या तिन्हींचा हा पाया आहे. पॉलराज यांना २०१४ साली मार्कोनी पारितोषिक मिळाले. दौंडचा पडदा ज्याच्या कंपनीने टांगला, त्याच्याच नावाचे.

भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी फाइव्ह-जी सुरू झाले तेव्हापासून टॉवरवर नव्या चपट्या पेट्या दिसू लागल्या. यातल्या मोठ्या पेट्यांत चौसष्ट-चौसष्ट स्वतंत्र मार्गिका असतात. सुमारे साडेतीन गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची, त्यामुळे कल्याणला ६३० मीटरात मावलेली रांग इथे हातभर पेटीत बसते. प्रत्येक मार्गिकेची फेज सेकंदात असंख्य वेळा बदलते आणि सावेडीतल्या एखाद्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरच्या फोनपर्यंत झोत जातो.

तरी या शहाणपणाची मर्यादा नगर जिल्ह्याएवढी स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसायची नाही. अकोले तालुक्यात भंडारदरा, हरिश्चंद्रगडाच्या बाजूला जा. डोंगराच्या ओंजळीतल्या वाड्यांवर रेंज धरायला माणसे अजून चढ चढतात. अँटेना कितीही शहाणी असली तरी ती सह्याद्रीच्या कातळातून झोत नेऊ शकत नाही. तिथे टॉवरच लागतो, आणि टॉवरला वीज, रस्ता आणि गिऱ्हाईक लागते. केंद्र सरकारने २०२२ साली संपर्काबाहेरच्या सुमारे चोवीस हजार गावांना फोर-जी पोहोचवण्याची योजना मंजूर केली ती याच कारणाने. तंत्रज्ञानाच्या इतिहासात हे विसरले जाते की कल्पना आणि गाव यांच्यामध्ये पैशाचा डोंगर असतो.

आता खोडद. उटीनंतर स्वरूप यांना विषुववृत्तावर एक महाकाय दुर्बीण बांधायची होती, केनियासारख्या देशांना बरोबर घेऊन. ते जमले नाही. १९८४ च्या सुरुवातीला त्यांनी वेगळा विचार मांडला. दुर्बीण आपल्याच देशात, पण एका अवाढव्य सांगाड्याऐवजी अनेक अँटेना पंचवीस किलोमीटरवर पसरायच्या आणि ऑप्टिकल फायबरने जोडायच्या. जागा शोधताना अटी कडक होत्या. रेडिओचा गोंगाट कमी हवा, वारा फार नको, डोंगरांचा आडोसा हवा, आणि पुणे जवळ हवे. नारायणगाव–खोडदचा परिसर या कसोट्यांना उतरला. मुंबई–पुण्याच्या गोंगाटापुढे सह्याद्रीच्या रांगा आडव्या येतात. १९८७ साली प्रकल्पाला मंजुरी मिळाली.

पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश. अमेरिकेतल्या प्रसिद्ध व्हीएलए दुर्बिणीच्या सत्तावीस डिश पंचवीस मीटरच्या आहेत, म्हणजे इथली एकेक डिश क्षेत्रफळाने तिच्या तिपटीहून मोठी. एवढी मोठी डिश रूढ पद्धतीने बांधायची तर पोलादाचा खर्चच परवडणारा नव्हता. त्यावर स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोडगा काढला. पोलादाच्या सोळा कमानी आणि त्यांच्यात ताणलेल्या दोऱ्या, आणि त्यांवर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी. जाळीची भोके एक ते दोन सेंटिमीटरची. मीटरभर लांबीच्या लहरीला ती भोके दिसतच नाहीत, ती जाळीवरून आरशासारखी परतते. वारा मात्र आरपार जातो. या बांधणीला त्यांनी ‘स्मार्ट’ असेच नाव दिले. वाऱ्याचा जोर जाळीवर फारसा बसत नाही, म्हणून पोलाद हलके, मोटर लहान आणि पाया साधा. कमी पैशात मोठे काम करायची आपली रीत इथे अभियांत्रिकीच्या पातळीला पोहोचली, असे मी म्हणेन.

तीसपैकी चौदा डिश खोडदजवळ साधारण एक किलोमीटरच्या चौरसात, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंवर, द्राक्षबागा, कांद्याची शेते आणि ऊस यांच्यामधून. तीस डिशमधून जोड्या निघतात ४३५. प्रत्येक जोडी आकाशाचा एक बारीक धागा पकडते आणि पृथ्वी फिरत असल्याने तो धागा रात्रभर जागा बदलतो. सगळे धागे गणकात विणले की चित्र तयार होते. पल्सार, म्हणजे ठोके देणारा मृत तारा, पाहायचा असेल, तर मात्र वेगळीच रीत. सगळ्या डिशचे संकेत ताल जुळवून एकत्र मिळवतात आणि तीस डिश मिळून एकच झोत होतो. टॉवरवरची पेटी तुमच्या फोनकडे जे करते, तेच खोडद एखाद्या मृत ताऱ्याकडे करते. फरक फक्त अंतराचा आणि संयमाचा.

१९९० च्या दशकात डिश उभ्या राहिल्या आणि ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते दुर्बीण जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली झाली. तिने काय काय केले याची यादी मोठी आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपीय ‘शियापरेली’ यानाचा क्षीण आवाज खोडदने ऐकला. तो आवाज उतरण्याच्या वेळी तुटला हेही तिथेच कळले. २०२३ साली, आपल्यापर्यंत पोहोचायला प्रकाशाला अब्जावधी वर्षे लागतात अशा एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची लहर पकडल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी पल्सारांच्या ठोक्यांवरून अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा मांडणाऱ्या जागतिक गटांमध्येही खोडदची निरीक्षणे होती. २०२० साली खोडदच्या दुर्बिणीला आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने मैलाचा दगड म्हणून मान दिला. गोविंद स्वरूप त्याच वर्षी, ७ सप्टेंबरला, पुण्यात गेले.

आणि इथेच या इतिहासात पेच येतो. एकाच कल्पनेची दोन लेकरे, मोबाइलचा टॉवर आणि आकाशाची दुर्बीण, एकाच हवेसाठी समोरासमोर उभी आहेत. खोडदच्या सुधारित दुर्बिणीचा एक महत्त्वाचा पट्टा ५५० ते ८५० मेगाहर्ट्झचा आहे. फाइव्ह-जीसाठी लिलावात गेलेला ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा त्याच्या पोटात बसतो. कल्याणला लागलेल्या दमट केबलपेक्षा हा त्रास निराळा आहे. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो की टॉवरचा आवाज त्यापुढे गडगडाटच. सैल झालेल्या वीजतारांच्या ठिणग्या, टीव्हीचे स्वस्त बूस्टर हेही शत्रू. दुर्बिणीचे अभियंते वर्षानुवर्षे गावोगाव फिरून असे गोंगाट हुडकत आले आहेत, आणि नव्या यंत्रणेत त्यांनी ठिणग्यांचा आवाज येताक्षणी गाळून टाकणारी सोय बसवली आहे. पण गाळण्यालाही हद्द असते. परिसरात उद्योगांवर बंधने आहेत, आणि त्या बंधनांची किंमत आसपासच्या गावांनी मोजली आहे. हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

याचा सगळ्यात ताजा चटका नगर जिल्ह्याला बसला. पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेची मूळ आखणी नारायणगाव, संगमनेर, सिन्नर अशी होती. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या वरच्या तारेपाशी उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे विस्तृत पट्ट्यातला रेडिओ गोंगाट, आणि मार्ग दुर्बिणीच्या जवळून जात होता. दुर्बीण चालवणाऱ्या संस्थेने हरकत घेतली आणि रेल्वेने अहिल्यानगर–शिर्डीवरून जाणारा पर्याय पुढे आणला. शिर्डी आणि नगर शहराला ते सोयीचे. संगमनेर आणि अकोल्याच्या हातून मात्र रेल्वे निसटते आहे, आणि तिथले लोक रस्त्यावर उतरले. अकोल्याच्या माणसाला आधीच रेंज नाही आणि आता रेल्वेही नाही. त्याचा राग मला रास्त वाटतो.

तरीही माझे मत स्पष्ट आहे: खोडदची शांतता जपलीच पाहिजे. तशी दुर्बीण पुन्हा बांधायला दुसरी शांत जागा या राज्यात सापडणे अवघड आहे. २०२४ च्या सुरुवातीला भारताने एसकेए या जागतिक महादुर्बिणीसाठी १२५० कोटी रुपये मंजूर केले ते खोडदने कमावलेल्या पतीवर. पण शांतता जपायची म्हणजे नुसते ‘नाही’ म्हणायचे असे नाही. या संपूर्ण इतिहासाची ताकद मोजमापात आहे. स्वरूप यांनी केबलमधली चूक मोजली म्हणून कल्याण उभे राहिले, कैलाथ यांनी दिशा मोजली म्हणून आपला फोन चालतो. मग कोणत्या मार्गाने, किती अंतरावरून, कोणत्या आडोशाने गाडी गेली तर खोडदला किती गोंगाट पोहोचेल, हेही मोजून सांगता येईल. संगमनेरच्या शेतकऱ्याला ते आकडे पाहण्याचा हक्क आहे. रेल्वेने आणि शास्त्रज्ञांनी एकत्र बसून ती मोजमापे मराठीत छापावीत आणि संगमनेर, अकोले, नारायणगाव इथे लोकांसमोर मांडावीत. आणि पारनेर, संगमनेर, अकोल्याच्या शाळांना एक विनंती: दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडद सगळ्यांसाठी खुले असते. एक एसटी ठरवा आणि मुलांना त्या जाळीखाली नेऊन उभे करा.